एक मग जास्त!

गुन्हा कबूल करूनच सुरुवात करते. मी एका मोगऱ्याला जवळजवळ मारलं. तेही तहानलेलं ठेवून नाही. पाणी पाजून पाजून!

मोगरा माझा नाही, आजीचा. डोंबिवलीच्या तिच्या गॅलरीत एका जुन्या डालड्याच्या डब्यात तो कित्येक वर्षं मुक्कामाला होता. डबा गंजलेला, रंग उडालेला, बुडाला आजोबांनी खिळा-हातोडी घेऊन पाडलेली पाच-सहा भोकं. पण उन्हाळ्यात रोज संध्याकाळी मूठभर फुलं ठरलेली. त्यातली दोन देवाला, दोन माठात आणि उरलेली माझ्यासाठी ओल्या रुमालात गुंडाळून फ्रिजमध्ये. मग फोन यायचा, "शनिवारी येतीयस न्हवं?" आणि माझंही उत्तर ठरलेलं, "बघते गं आजी, डेडलाइन आहे." फ्रीलान्सरच्या आयुष्यात शनिवार-रविवार का नसतात, हे तिला कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

यंदा जानेवारीत आजी गेली. तेरा दिवस झाल्यावर सामानाची वाटावाटी सुरू झाली. काकूला देव्हारा, आईला पितळेचे डबे, आत्याला पैठणी. "तुला काय हवंय?" असं विचारल्यावर मी म्हटलं, मोगरा. आईनं माझ्याकडे एक लुक दिला आणि म्हणाली, "तुला जमेल?"

आता असं कुणी विचारलं की जमवावंच लागतं.

ठाण्यात मी आणि माझी रूममेट सातव्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खिडकीला मोठी ग्रिल आहे, ऊन झकास येतं. पण आमच्या (मोठ्या कष्टानं डेकोरेट केलेल्या) हॉलमध्ये तो गंजका डबा काही केल्या सूट होईना. मग मॉलमध्ये जाऊन ६५० रुपयांची पांढरीशुभ्र सिरॅमिकची कुंडी आणली. पडद्यांना मॅचिंग! बुडाला भोक नव्हतं. म्हणजे पाणी खाली गळणार नाही, खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडणार नाहीत. मला तर तो प्लस पॉइंट वाटला होता.

त्यानंतर रोज रात्री, कितीही उशिरा आले तरी, मोगऱ्याला एक मग पाणी. एखाद्या दिवशी जास्तच आठवण आली तर दोन. तुमच्या लक्षात आलंच असेल की यात बागकाम कमी आणि गिल्ट जास्त होता. जिवंतपणी आजीला दोन तास देता आले नाहीत, तर आता तिच्या झाडाला दोन मग तरी देऊ या!

तीन आठवड्यांत मोगऱ्यानं मान टाकली. पानं मलूल, खालची पिवळी. एक्स्पर्ट सल्ल्यांना तोटा नव्हता. रूममेट म्हणाली, "अगं, केवढा उन्हाळा आहे, पाणी कमी पडतंय." ज्या ऑफिसात मी तीन दिवस बसते तिथल्या एका मित्रानं 'प्लँट फूड'ची पुडी दिली. चमचाभर घाल म्हणाला, मी दोन घातले. दुसऱ्या दिवशी पानं आणखी लोंबली. मी आणखी पाणी घातलं. शेवटी घाबरून कुंडी कडेवर घेतली, रिक्षात बसले आणि नर्सरी गाठली.

तिथल्या काकांनी पानांकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी कुंडी उलटी केली, बुडाशी भोक शोधलं, मग माझ्याकडे बघितलं. तो लुक आईच्या लुकपेक्षा वाईट होता. त्यांनी झाड मातीसकट ओढून बाहेर काढलं. चिखलच तो! आणि वास... तुंबलेल्या मोरीचा. मुळं पांढरी असायला हवीत, ती काळपट आणि पिळपिळीत झाली होती. बोटांत धरून ओढली तर त्यांची सालंच हातात येत होती.

"ताई, ह्याला पाणी कमी नाही पडलं. बुडालंय हे."

"अहो, पण काका, ते तर सुकल्यासारखं दिसत होतं!"

"बुडालेलं झाड सुकलेलंच दिसतं."

माझ्यातली जर्नलिस्ट जागी झाली ती या वाक्यावर. पाण्यात बुडालेलं झाड तहानलेलं कसं असू शकतं? कॉलेजातली माझी एक मैत्रीण आता बॉटनी शिकवते. तिला त्याच रात्री फोन लावला. "एक साधा प्रश्न आहे," म्हटलं. साधा प्रश्न दीड तास चालला. त्या दीड तासात आणि त्यानंतर चाळलेल्या पुस्तकांत मला जे कळलं, ते तुमच्याही खिडकीतल्या कुंडीच्या उपयोगाचं आहे.

सुरुवात किचनमधून करू. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ लवकर घातलं की पाहुणे येईपर्यंत वाडग्यात तळं होतं. आणि खिरीत टाकलेला सुकलेला बेदाणा मात्र टम्म फुगतो. दोन्हीकडे एकच नियम. पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज जातं, पण मीठ-साखर तितकी सहज जात नाही. मग ज्या बाजूला विरघळलेला माल जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. बेदाण्यात साखर आत, म्हणून पाणी आत. कोशिंबिरीत मीठ बाहेर, म्हणून पाणी बाहेर. शाळेत याला 'परासरण' म्हणायचे. व्याख्या पाठ करून दोन मार्क मिळवले आणि विसरून गेलो.

झाडाच्या मुळाचा सगळा धंदा याच नियमावर चालतो. मुळाच्या पेशी मातीतले क्षार ओढून आत साठवतात. आत 'माल' वाढला की मागोमाग पाणी येतं. पाणी येतं तशी पेशी फुगते, पण तिच्याभोवती कडक भिंत असते, त्यामुळे फुटत नाही, ताठ होते. सायकलच्या ट्यूबभोवती टायर असतो तसं. आणि हा दाब किती असावा? कारच्या टायरमध्ये आपण हवा भरतो त्याच्या दुप्पट-तिप्पट, कधी त्याहूनही जास्त! कोवळं पान हाडं नसताना ताठ उभं राहतं ते या दाबावर. फ्रिजमधली मान टाकलेली कोथिंबीर ग्लासभर पाण्यात ठेवली की तासाभरात ताजीतवानी होते, तेही यामुळेच. तिच्या ट्यूबमध्ये पुन्हा हवा भरली गेली इतकंच. हवा म्हणजे अर्थात पाणी.

आता मुळं. आपल्याला दिसतात ती जाडजूड मुळं ही पाणी पिणारी पार्टी नव्हेच. खरं काम टोकाजवळचे बारीक केस करतात, मूलरोम. एकेक केस म्हणजे एकेका पेशीला फुटलेली शेपटी, आपल्या डोक्यावरच्या केसाहूनही बारीक. मातीच्या दोन कणांमधल्या फटीत घुसून ते तिथलं पाणी टिपतात. हॉवर्ड डिटमर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९३७ मध्ये एक अचाट उद्योग प्रसिद्ध केला. राय नावाच्या धान्याचं एकच रोप त्यानं चार महिने एका खोक्यात वाढवलं आणि मग मुळं धुऊन, मोजून हिशेब मांडला. मुळांची एकूण लांबी सहाशे किलोमीटरच्या वर. त्यावरचे मूलरोम सुमारे १,४०० कोटी आणि ते एकापुढे एक ठेवले तर दहा हजार किलोमीटरहून जास्त. मुंबई-लंडन विमानप्रवासही त्यापेक्षा कमी भरतो. आणि हे सगळं एका खोक्यात!

(डालड्याच्या डब्यातून मोगरा काढताना मी तो खसकन उपटला होता. त्यात किती कोटी केस तुटले असतील, हा हिशेब मी करत नाहीये.)

केसातून आत शिरलेलं पाणी मुळाच्या मधोमध असलेल्या नळ्यांकडे निघतं. थोडंफार पेशींच्या भिंतींमधून, गल्लीबोळातून, तर थोडं पेशींच्या आतून. पण मधल्या नळ्यांच्या आधी एक चेकनाका लागतो. तिथल्या पेशींच्या भोवती पाणी न झिरपणारी एक पट्टी असते. रॉबर्ट कॅस्पारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला कॅस्पेरियन पट्टी म्हणतात. इथे गल्लीबोळ बंद. पुढे जायचं तर पेशीच्या पडद्यातूनच. ऑफिसच्या लॉबीपर्यंत कुणीही येतं, पण लिफ्टपुढे कार्ड स्वाइप करावंच लागतं, तसं.

आणि या पडद्याला खरोखरच दारं असतात. पाणी पडद्यातून नुसतं झिरपतं, असं बरीच वर्षं मानलं जायचं. पण १९९२ मध्ये अमेरिकेच्या पीटर ॲग्री यांनी दाखवलं की रक्ताच्या तांबड्या पेशीत पाण्यासाठी खास बोगदे असतात. त्यांना नाव मिळालं ॲक्वापोरिन. एका बोगद्यातून सेकंदाला सुमारे ३ अब्ज पाण्याचे रेणू जातात, तेही एकेरी रांगेत. (विरार फास्टवाल्यांनी शिकण्यासारखं आहे!) पुढच्याच वर्षी असे बोगदे झाडांतही सापडले. ॲग्रींना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही दारं लक्षात ठेवा, कारण माझ्या गुन्ह्याचा उलगडा शेवटी या दारांपाशीच होतो.

बरं, पाणी नळीत तर आलं. वर कसं जातं?

आमच्या सोसायटीत खाली पंप आहे. तो बिघडला की सातव्या मजल्यावर मी बादल्या मोजत बसते. मग झाडाचा पंप कुठे असतो? कॅलिफोर्नियातले रेडवूड वृक्ष शंभर मीटरच्या वर जातात. सगळ्यात उंच झाड ११५ मीटरच्या आसपास आहे, म्हणजे पस्तीस-चाळीस मजली टॉवर. वरून शोषून घेणारा साधा पंप पाणी फार तर दहा मीटर चढवतो, तिसरा-चौथा मजला. त्यापुढे फिजिक्स हात वर करतं.

या कोड्यानं भल्याभल्यांना छळलंय. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मगुरूनं सूर्यफुलाची कुंडी झाकून सकाळ-संध्याकाळ तिचं वजन केलं आणि एक रोप दिवसभरात अर्धा किलोहून जास्त पाणी हवेत सोडतं, हे मोजलं. त्याचं पुस्तक १७२७ मध्ये आलं. आपले जगदीशचंद्र बोस यांना वाटायचं की मुळा-खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या धडधडतात आणि पाणी वर ढकलतात. यावर त्यांनी १९२३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. कल्पना किती सुंदर! पण त्याच्याही आधी एडवर्ड स्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञानं उंच झाडं बुंध्याशी कापून विषारी द्रवात उभी केली होती. खोडातल्या पेशी मेल्या, तरी द्रव वर चढत राहिला. थांबला तो थेट पानं मेल्यावर. म्हणजे पंप खाली नाही, मधेही नाही. पंप आहे वर, पानांत.

डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या जोडीनं १८९४-९५ मध्ये याचं उत्तर मांडलं आणि आजही बहुतेक शास्त्रज्ञ तेच मानतात. पानांवर बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रे. त्यातून पाण्याची वाफ बाहेर जाते. पण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. एक बाहेर पडला की मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला... पानापासून मुळाच्या केसापर्यंत एक सलग साखळी. लोकलच्या डब्यांसारखी. इंजिन वर, कपलिंग पक्कं, अख्खी गाडी ओढली जाते. आणि या गाडीला पेट्रोल कोण पुरवतं? ऊन आणि कोरडी हवा. झाडाला वर चढवण्याचं बिल येत नाही.

या गाडीचं कपलिंग मधेच तुटतं ते हवेचा बुडबुडा शिरल्यावर. वाढदिवसाला आलेल्या गुलाबांनी दुसऱ्याच दिवशी माना टाकल्या, तर अनेकदा कारण हेच. म्हणून फुलदाणीत ठेवण्याआधी देठ पाण्याखाली धरून पुन्हा थोडे कापायचे. (ही टीप फुकट.)

मुळं खालून अजिबातच ढकलत नाहीत असं नाही. सकाळी अळूच्या पानांच्या टोकाला थेंब लोंबताना पाहिलेत? ते दवच असतं असं नाही. रात्री पानांची छिद्रं मिटलेली असताना मुळं थोडं पाणी वर रेटतात, ते तिथून बाहेर येतं. पण हा रेटा थोडका. दिवसभराचं खरं काम ओढीनंच होतं. आणि गंमत म्हणजे मुळांनी घेतलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी असं हवेतच जातं. झाड स्वतःसाठी ठेवतं ते अगदी थोडं. पगाराच्या दिवशी माझ्या अकाउंटचं जे होतं, तेच.

इथवर ऐकल्यावर मी मैत्रिणीला म्हटलं, "ठीक आहे. पण मग पाणी भरपूर असताना माझा मोगरा सुकला का?"

ती म्हणाली, "तू कधी विचार केलास, मुळं श्वास कुठून घेतात?"

खरं सांगते, नव्हता केला. पानं श्वास घेतात एवढं माहीत होतं. पण मूळ ही जिवंत वस्तू आहे. क्षार आत ओढायला तिला ताकद लागते, ताकदीसाठी साखर जाळावी लागते आणि साखर जाळायला ऑक्सिजन. तो मिळतो मातीतल्या पोकळ्यांमधून. चांगल्या मातीत जवळपास निम्मी जागा रिकामीच असते, थोडी पाण्यानं आणि थोडी हवेनं भरलेली. मी दोन मग ओतले, भोक नसल्यामुळे ते कुठे जाईना, आणि त्या सगळ्या पोकळ्या पाण्यानं भरून गेल्या. पाण्यातून ऑक्सिजन सरकतो तो हवेच्या तुलनेत साधारण दहा हजार पट हळू. मुळांभोवती होता तेवढा ऑक्सिजन त्यांनी आणि मातीतल्या जिवाणूंनी बघता बघता संपवला. पुढे गुदमरणं.

गुदमरलेल्या मुळाच्या पेशी आतून आंबट होऊ लागतात, आम्लता वाढते. आणि मग ती मघाची दारं बंद होतात! फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या शास्त्रज्ञांनी हे २००३ मध्ये, म्हणजे ॲग्रींच्या नोबेलच्याच वर्षी, मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपावर दाखवून दिलं. पेशीत आम्लता वाढली की ॲक्वापोरिन मिटतात. बाहेर पाणीच पाणी, पण दारं बंद. वर पानांतून वाफ निघतेच आहे, इंजिन ओढतंय, आणि खाली डबे हलेनात. मग पानं मलूल. अगदी तहानलेल्या झाडासारखी.

आणि मी काय केलं? आणखी पाणी घातलं. वर दोन चमचे प्लँट फूड. खत म्हणजे शेवटी क्षारच ना? मातीत क्षार वाढले की पाणी मुळातून बाहेर ओढलं जायला लागतं. थोडक्यात, मी आजीच्या मोगऱ्याची कोशिंबीर केली.

"मग माझ्या बाटलीतला मनी प्लँट कसा जगतो?" असं तुमच्यापैकी निम्मे जण विचारणार, कारण मीही तेच विचारलं. पाण्यातच फुटलेली मुळं वेगळ्या घडणीची असतात, आतून जास्त पोकळ्या असलेली. आणि बाटलीतल्या स्वच्छ पाण्यात थोडी हवा विरघळलेली असते, म्हणून तर ते पाणी बदलत राहायचं. भाताचं रोप चिखलात मजेत उभं असतं, कारण त्याच्या आत पानापासून मुळापर्यंत हवेच्या नळ्याच असतात. ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोलीच्या बाजूला खाडीतली तिवरं दिसतात ना? ओहोटीला त्यांच्याभोवती चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी मुळं वर आलेली असतात. ती श्वास घ्यायला वर आलेली. रोज भरतीत बुडायचं असेल तर अशी सोय करावी लागते. मोगऱ्याकडे ती नाही. आजीनं त्याला कधी बुडवलंच नव्हतं.

फोन ठेवला आणि मला एकदम एक जुनी गोष्ट आठवली.

आजीचं माहेर शिरोळ तालुक्यातलं. कृष्णेचं पाणी आलं, ऊस आला, बंगले आले. लहानपणी सुट्टीत आम्ही तिच्या भावाकडे जायचो, तेव्हा नदीकडच्या एका शेतात काहीच उगवलेलं नसायचं. जमिनीवर पांढरी साय धरल्यासारखी. मी विचारलं होतं, "आजी, इथे दुष्काळ आहे का?" ती म्हणाली होती, "दुष्काळ कसला? पाण्यानं मेली ती जमीन."

तेव्हा मला तो विनोद वाटला होता. शिरोळ, मिरज, वाळवा या भागात उसाला वर्षानुवर्षं पाटानं धो धो पाणी दिलं गेलं. त्याचा निचरा होईना, तशी जमिनीखालची पातळी मुळांपर्यंत वर आली. उन्हानं पाणी उडून गेलं, क्षार मागे राहिले. माझ्या कुंडीत तीन आठवड्यांत जे झालं, ते तिथे काही वर्षांत झालं. एकरच्या एकर जमीन क्षारपड होऊन पडली. आता तिथले शेतकरी खर्च करून जमिनीखाली भोकाभोकांचे पाइप टाकतात, साचलेलं पाणी बाहेर काढायला. म्हणजे आजोबांनी डालड्याच्या डब्याला खिळ्यानं जे फुकटात केलं होतं, तेच.

आणि मग आजीची सकाळची सवय आठवली. चहा झाला की ती गॅलरीत जायची आणि पाणी घालण्याआधी डब्याच्या मातीत बोट खुपसायची. दुसऱ्या पेरापर्यंत. बोट कोरडं आलं तर एक तांब्या. ओलं आलं तर "आज नगं म्हणतोय त्यो." मला वाटायचं, म्हातारीचा चाळा. तिच्या नखात कायम माती असायची, त्यावरून मी तिला चिडवायचेसुद्धा.

तर आता मोगऱ्याचं काय, ते सांगते. नर्सरीच्या काकांनी काळी पडलेली मुळं कापून टाकली. मग फांद्याही निम्म्या छाटल्या. मी कळवळले, तर म्हणाले, "खाली प्यायला तोंडं कमी, तर वर उडवायला पानं कशाला?" डिक्सन आणि जोलींनी हे वाक्य नक्की पास केलं असतं. वाळू घातलेल्या भुसभुशीत मातीत झाड लावलं. "कुठल्या कुंडीत लावू?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी रिक्षानं घरी येऊन माळ्यावरून डालड्याचा डबा काढून नेला. फेकला नव्हता, हीच काय ती माझी पुण्याई.

पहिले दहा दिवस त्याला थेट उन्हात ठेवायचं नव्हतं आणि खत तर नावालाही नाही. मी रोज सकाळी जाऊन बोट खुपसायचे. ओलं. दुसऱ्या दिवशी, ओलं. हातात मग घेऊन काहीही न करता परत फिरणं किती कठीण असतं, हे मला त्या दहा दिवसांत कळलं. काहीतरी केलं की बरं वाटतं ना आपल्याला! मग ते झाडाला हवं असो वा नसो. उशिरा घरी येऊन मुलांना खेळण्यांनी मढवणारे आईबाप, भांडणानंतर एका दिवसात पंचवीस मेसेज टाकणारे बॉयफ्रेंड, आणि आजीच्या नावानं दोन मग ओतणारी मी... सगळे एकाच कुंडीतले. आणि कुंडीला भोक नाही.

आजी शनिवारी फोन करून फुलांचं सांगायची, तेव्हा तिला फुलं द्यायची नसायचीच बहुधा. ती बोट घालून बघत असायची. कोरडी आहे की ओली. मी "डेडलाइन आहे" म्हटलं की ती "बरं बाळ" म्हणायची आणि ठेवून द्यायची. आग्रह नाही, टोमणा नाही. आज नगं म्हणतीय ती.

अकराव्या दिवशी बोट कोरडं आलं. मी एक तांब्या पाणी घातलं, हळूहळू, कडेकडेनं. थोड्या वेळानं खालच्या भोकांतून टप टप आवाज आला आणि ताटलीत पाणी जमलं. ते ओतून टाकलं. इतकं साधं असतं ते.

तुमच्या खिडकीतही एखादं झाड मान टाकून उभं असेल, तर मग उचलण्याआधी बोट घाला. कुंडीला भोक आहे का बघा, आणि नसेल तर ती पेन ठेवायला वापरा. पाणी सकाळी द्या, पोटभर द्या, पण पुन्हा द्यायच्या आधी वरची माती कोरडी होऊ द्या. खालची ताटली रिकामी करा. आणि झाड सुकतंय म्हणून खत घालू नका, तापात कुणाला श्रीखंड-पुरी वाढत नाहीत.

माझ्या मोगऱ्याला या आठवड्यात एका छाटलेल्या फांदीच्या बगलेत दोन पानं फुटलीत. तांदळाच्या दाण्याएवढी. फुलं यंदा येणार नाहीत, काकांनी आधीच सांगून ठेवलंय. पुढच्या उन्हाळ्यात बघू.

काल आईचा फोन आला होता. मी लॅपटॉपवर, डेडलाइन डोक्यावर (हीच, या लेखाची). तिनं नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का?" मी तोंडापर्यंत आलेलं "बिझी आहे गं" गिळलं आणि म्हटलं, "नाही अजून. तू काय केलंयस?"

पाऊण तास बोललो. लेख उशिरा पोचला, एडिटरबाई सॉरी!

आणि हो, माझ्या नखात माती आहे.